घंगाळातला सोनमासा

सर, काल सकाळी मी एक मासा मारला. तो मारायला हवा होता की नको, हे ज्याला विचारावं असं माणूस तुमच्याशिवाय मला आठवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली याचा हिशोब मी करत नाही. मासा माझा नव्हता, शेजारच्या घरचा होता. गेला महिनाभर त्याच्यावर जे चाललं होतं त्याला त्या घरात इलाज म्हणत होते. मला त्या सगळ्याची किळस आली. माशाची आली, त्याच्या पाण्याची आली, आणि माणसांची तर इतकी आली की तिथून परतल्यावर मी कोपरापर्यंत हात धुवत असे, हात कशाला लागलेले नसले तरीही.

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते पुण्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आता मी निजामाच्या मुलखात, हिंगोलीला, मुलींच्या शाळेची मुख्य आहे. मुख्य म्हणजे काय, तर मी आणि आणखी एक शिक्षिका. गाव मला उस्तानीबाई म्हणतं, उस्तानी म्हणजे इथल्या उर्दूत मास्तरीण. आधी राग यायचा, आता बाई म्हटलेलं ऐकलं की दुसऱ्या कुणाला हाक मारली असं वाटतं. बाई म्हणणारी गावात एकच उरली आहे, शेजारच्या घरातली सून. ती चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. हिशोबाला तल्लख होती. पुढे शिकवा म्हणून मी तिच्या बापाकडे जाऊन आले, त्याने मला चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न केलं. ती माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातच येऊन पडली, हा योगायोग. त्या घरात तिघंच: ती, तिचा नवरा आणि सासू. नवऱ्याची कापसाची अडत आहे. सासूला सून आत्याबाई म्हणते, बाकी सगळी गल्ली काकी म्हणते, मीही म्हणते.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. इथून पुढची गोष्ट तुम्ही ओळखली असेल, पण मासा त्यात कसा आला ते ओळखता येणार नाही. नवरा हैदराबादेला गेला होता, तिथून काचेची टाकी आणि दोन सोनमासे घेऊन आला. का, तर एका बड्या व्यापाऱ्याच्या बैठकीत पाहिले. एक मासा लवकरच मेला. दुसरा फिरत राहिला. त्याच सुमारास दारावर एक जोशी आला. त्याने टाकीकडे पाहिलं, सुनेच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं, आणि जे सांगितल्याने पायलीभर ज्वारी मिळेल ते सांगितलं. या घरात जोवर मासा फिरतोय तोवर पाळणा हलायची आशा आहे. झालं. काकींनी त्याला ज्वारी दिली आणि सुनेला सांगून टाकलं, मासा हाय तोवर तू हाईस. मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी पुसेगावची एक मुलगी पाहूनही ठेवली. चोरून नव्हे, उघड. मुलगी कशी आहे, गोरी आहे, तिच्या आईला पाच मुलगे झाले, हे सगळं सून भाकरी थापत असताना तिच्यासमोर बोललं जातं. मी एकदा तिथेच होते. त्या पोरीने भाकरी तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला. मी चहा तसाच ठेवून उठले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मासा आजारी पडला. आधी खाणं सोडलं, मग तळाशी बसून राहू लागला. मला कळलं तेव्हा पोट फुगलं होतं, आणि खवले असे उभे राहिले होते की वरून पाहिलं तर सीताफळ दिसावं. शेपटीवर कापसासारखी पांढरी बुरशी. एक डोळा बाहेर आलेला. सर, तुम्ही असता तर वाकून पाहिलं असतंत. मी पाहिलं ते पाणी. त्यात हळद होती, अंगारा होता, कडुलिंबाचा पाला होता, औंढ्याच्या नागनाथाहून आणलेलं तीर्थ होतं, आणि वर तुळशीची पानं सडून चिकट झाली होती. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून काकींनी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बोटभर आत सोडला होता. त्याचं तूप वर तरंगत होतं. वास असा की मी पदर नाकाला लावला. आणि त्या घाणीपुढे उदबत्ती लावलेली.

“उस्तानीबाई, तुमी कालेजात शिकलेल्या,” काकी म्हणाल्या, “सांगा बरं, अजून काय घालावं?”

“काही घालू नका. आहे ते काढा.”

“काढा म्हंजी? तीर्थ हाय ते.”

“तीर्थ तुम्ही प्या,” मी म्हटलं. “मासा पाण्यात राहतो.”

काकी रागावल्या नाहीत. त्या माझ्यावर रागावत नाहीत, मला एक तऱ्हेचं अस्पृश्य समजतात आणि त्यामुळे माझ्यापाशी मोकळ्या असतात. म्हणाल्या, “तुमची जीभ म्हंजी चिंचंचा कोळ हाय बाई. भांडं लख करते, पन दात आंबते.”

सुनेने टाकी धुवायला काढली आणि तेव्हा मला ते दिसलं ज्यावरून मला तुमची पहिल्यांदा आठवण झाली. टाकी दर अमावास्येला आणि पुनवेला धुतली जाते. तेवढा वेळ मासा कुठे ठेवायचा? मातीच्या भांड्यात ठेवलं तर भांडं बाटलं, फेकून द्यावं लागेल. पितळेच्या पातेल्यात ठेवलं तर त्यात पुन्हा शिजवता येणार नाही. म्हणून काकींनी तोड काढली होती तांब्याच्या घंगाळाची. “मासा म्हंजी अभक्ष्यच की,” त्यांनी मला समजावलं, “पन तांब्याला इटाळ लागत न्हाई.” ते घंगाळ आधी चिंच आणि राखेने घासायचं, आरशासारखं लालभडक, मग त्यात विहिरीचं पाणी आणि पाण्यात मासा. टाकी धुऊन वाळेपर्यंत, देवपूजा, नैवेद्य, जेवणं होईपर्यंत तो तिथेच. अर्धा दिवस. दर पंधरवड्याला. घरातल्या सगळ्यात पवित्र भांड्यात.

तुम्ही आम्हाला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, दाखवला होता. निळा खडा पाण्यात टाकला होता आणि म्हणाला होता, शेतकऱ्याच्या बियाण्याला हे औषध आणि तळ्यातल्या माशाला विष. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि पुढे आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. चिंचेने घासलेलं तांबं पाण्यात उतरतं. किती उतरतं, किती पुरतं, हे मला माहीत नाही. मी सुनेला एवढंच सांगितलं, की घंगाळ बंद. तिने विचारलं, “काहून?” मी म्हटलं, “नंतर सांगेन.” काकींच्या देखत ते सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि खरं म्हणजे मासा जगला तर सांगायची गरजच पडणार नाही असं मला वाटलं.

म्हणून मीही इलाज केला. माझ्याकडचं एनॅमलचं मोठं भांडं नेलं. रात्री भरून ठेवलेलं पाणी, त्यात खडेमीठ, बस. खायला काही नाही. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरला परमँगनेट मागितलं, तो म्हणाला लढाईमुळे माणसांच्या जखमांना नाही, माशाला कुठून आणू. बरोबर होतं त्याचं. तीन-चार दिवसांनी मासा सरळ झाला, कल्ले नीट हलू लागले. त्या दिवशी सून शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि मला बोलावून म्हणाली, “बाई, फिरून राहिला.” एवढंच सांगायला भर उन्हात आली होती. मी तिला रागावले. एका माशासाठी डोक्यावर पदर न घेता धावत येतेस म्हणून नव्हे, तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी. ते पाहवत नव्हतं. सर, शाळेत गणित बरोबर आलं की हाच चेहरा असायचा.

आठवड्याने पोट पुन्हा फुगलं. आता तो एका कुशीवर तरंगू लागला. बुरशी शेपटीवरून वर सरकली, शेपूट ओल्या कागदासारखी सुटत चालली. पाण्याला हात लावला की तो हलण्याचा प्रयत्न करायचा आणि उलटा व्हायचा. मी रोज जाऊन पाणी बदलायची आणि रोज मला वाटायचं, हे संपवावं. आणि रोज मी स्वतःला विचारायची, कुणासाठी?

कारण तुमच्या खिडकीपाशी टाकी होती ना, ती मला आठवते. तुम्ही नदीवरून आणलेले मासे होते तिच्यात. एकाच्या पाठीवर जखम झाली होती आणि मुलांपैकी कुणीतरी रोज त्यावर औषध लावत असे. मुलांना त्याचं मोठं कौतुक. मग एके सकाळी तासाच्या सुरुवातीलाच तुम्ही तो मासा बाहेर काढलात, ओल्या कापडात धरलात आणि काही न बोलता कात्रीने एका झटक्यात काम संपवलंत. मी तोंड फिरवलं. वर्गात मुली आम्ही दोघीच, सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे. तुम्ही म्हणालात, “बाई, खिडकीबाहेर कोण शिकवतंय?” मुलं हसली. तुम्ही हसला नाहीत. तास संपल्यावर थांबवून म्हणालात, किळस येणं हा गुन्हा नाही, पण आपल्याला किळस आली म्हणून समोरच्याने मरावं हे ठरत नाही, आणि आली नाही म्हणून त्याने जगावं हेही ठरत नाही. आधी मासा बघा. मला तेव्हा फार अपमान वाटला. आठवडाभर मी तुमच्याकडे पाहून नमस्कार केला नाही, तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

त्यानंतरच्याच एका रविवारी तुम्ही आम्हा दोघींना घरी जेवायला बोलावलंत. स्वयंपाकघर चकचकीत होतं, आणि तुमच्या पत्नी आम्हाला आत पाटावर वाढत होत्या. तुम्ही ओसरीवर, वेगळ्या ताटात. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन आला होता, म्हणून तुम्हाला उंबऱ्याच्या आत यायला बंदी होती. तुम्ही बाहेरूनच सांगितलंत, “बेडकांचा विटाळ चार वाजेपर्यंत असतो. चारनंतर मी ब्राह्मण.” तुमच्या पत्नी पदर तोंडाला लावून हसल्या. मी मात्र तुमच्यावर चिडले होते. इतका शिकलेला माणूस हे चालवून कसं घेतो? काकींच्या ओसरीवर बसून त्या फुगलेल्या माशाचं पाणी बदलताना मी तुमच्यावर पुन्हा एकदा चिडले. तुम्ही चालवून घेतलंत कारण त्यात मरत कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी काकींना स्पष्ट विचारलं, हा मासा आता बरा होत नाही, संपवू का. त्यांनी कानांना हात लावले. “हत्त्या? आमच्या घरात? न्हाई बाई. चातुर्मासात आमी वांगं बी खात न्हाई.”

“मग असाच ठेवायचा?”

“तकलीफ पाहवत नसंल तर कयाधूत सोडून द्या. आपल्या डोळ्याम्होरं तरी मरनार न्हाई.”

कयाधू नदीत या दिवसांत पाणी म्हणजे डबकी, आणि डबक्यांत म्हशी. मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग तुमीच करा काय करायचं ते, पन आमच्या वट्यावर नगं. तुमाला काय लागत न्हाई. तुमी पुन्याला बेडकं कापले.” आणि लगेच मागे वळून, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, “आन् मासा गेला की मी पुसेगावला निरोप धाडनार, हे बी सांगून ठिवते.”

म्हणजे पाप माझ्या हाताने, आणि त्याचं फळ तिच्या पदरात. मारण्याचं पाप नको, पण सडवण्याचं पुण्य चालतं, असल्या धर्माची मला इतकी शिसारी आली की मी उठले आणि पायात चपला न घालता घरी आले. दुसऱ्या दिवशी चपला सुनेने आणून दिल्या. दारातच उभी राहिली. म्हणाली, “बाई, हैदराबादेहून दुसरा आनता येईल? सारखेच असतात की. आत्याबाईला डोळ्यानं कमी दिसतं, वळखू येनार न्हाई.”

“आणि तोही मेला तर?”

“मंग तिसरा.”

मी चपला कोपऱ्यात ठेवल्या. ती स्वतःच म्हणाली, “म्हंजी मी जलमभर मासेच बदलत राहू.” आणि हसली. ते हसणं वाईट होतं. मी तिला आत बोलावलं, ती आली नाही, घरी भाकरी व्हायच्या होत्या.

काल सकाळी मी गेले तेव्हा ती एकटीच ओसरीवर होती. भांड्यात हात घालून बसली होती. मासा तिच्या तळव्यावर आडवा होता, तोंड उघडत-मिटत होतं. तिच्या बोटांना खवले चिकटले होते. आत काकी देवाला बसल्या होत्या, टाळ्या वाजत होत्या.

“बाई,” ती म्हणाली, “मला आता याची घान येऊन राहिली. रात्री जेवन गेलं न्हाई. वास जातच न्हाई हाताचा.”

“मलाही येते.”

“पाप हाय का ते?”

“नाही.”

थोडा वेळ तिने माशाकडे पाहिलं. “हे माझ्यासाठी ठिवून राहिले ना सगळे? मंग मीच सांगते. बंद करा. माझं काय व्हायचं ते व्हईल. मासा ठरवनार हाय काय?”

मी तिला दोनदा विचारलं. निरोप जाईल, पुसेगावची मुलगी येईल, हे तुला कळतंय ना. ती म्हणाली, “मला हिशोब तुमीच शिकवला.” मग आम्ही भांडं उचलून माझ्या परसात आणलं. क्लोरोफॉर्म असतं तर वापरलं असतं, नव्हतं. ओलं कापड, दगडी पायरी, खलाचा बत्ता. एक घाव. मी तोंड फिरवलं नाही, आणि तिनेही फिरवलं नाही, जरी तिला कुणी तसं शिकवलेलं नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली खड्डा तिनेच केला. हात धुवायला मी साबण दिला, तिने राख मागितली.

त्यानंतर मी त्या घरी गेले. नवरा अडतीवर निघायच्या बेतात होता, टोपी घालत होता. काकी देवघरातून बाहेर आल्या होत्या. मी सांगितलं, मासा मेला, मी मारला, आणि तो का मरणार होता तेही ऐका. मग घंगाळाचं सांगितलं. चिंच, राख, तांबं, अर्धा दिवस, दर पंधरवड्याला. पहिला मासाही त्यानेच गेला, दुसराही त्यानेच. त्यात सुनेच्या पायगुणाचा संबंध नाही, कुशीचा नाही, जोशाचा नाही. संबंध आहे त्या भांड्याचा, आणि ते भांडं वापरा असं ज्यांनी सांगितलं त्यांचा.

काकी बसल्या. पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, “तांब्यानं कवा कोनाचं वाईट झालं?”

“माणसाचं नाही झालं. माशाचं झालं.”

“मंग पाप कोनाला?”

“मारण्याचं मला,” मी म्हटलं. “सडवण्याचं घरातल्यांनी वाटून घ्या.”

नवऱ्याने आईकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या बायकोकडे. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल. तो म्हणाला, “पुसेगावचं... राहू द्या आता. पाऊसपानी व्हऊ द्या, मंग पाहू.” नाही म्हणाला नाही. राहू द्या म्हणाला. मासे आणणारा हाच, बायको सवतीच्या भीतीने जगतेय ती याच्याच घरात, आणि याला पावसापर्यंत सवड हवी. पण काकींनी त्यावर तोंड उघडलं नाही, आणि त्या घरात काकींनी तोंड न उघडणं ही मोठी गोष्ट आहे. सून आत गेली आणि चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. तिला पाऊस येईपर्यंत मुदत मिळाली आहे. शाळेला एका मदतनिसाची गरज आहे, सुनेला तिथे घेण्याबद्दल मी उद्या तिच्या नवऱ्याशी बोलणार आहे, विनवणी करून नव्हे.

हे पत्र टाकण्याचा प्रश्न नाही. इथला टपालमास्तर चौकस आहे, मेलेल्या माणसाला लिहिलं हे कळलं तर माझ्या शाळेत मुली यायच्या बंद होतील. ते पेटीत राहील. पण तुम्ही पुरावा मागितला असतात, म्हणून लिहून ठेवते: घंगाळाबद्दल मी जितक्या खात्रीने बोलले तितकी खात्री मला नाही. हळदीनेही झालं असेल, तुपानेही, की नुसता उन्हाळाच. आणि दुसरं. सुनेने बंद करा म्हणेपर्यंत मी माशाकडे पाहिलंच नव्हतं. रोज पाणी बदलत होते, आणि रोज पाहत होते ती घाण. बत्ता उचलल्यावर पहिल्यांदा पाहिला. आधी किळसच होती, सर. दया मागून आली, तीही उशिरा.

काल दुपारी मी त्यांची टाकी घरी आणून स्वतः घासली, कडुलिंबाच्या काड्या कोपऱ्यांतून टोकरून काढल्या, उन्हात पालथी घालून वाळवली आणि घेऊन बाजारात त्याच्या अडतीवर गेले. सुनेच्या नवऱ्याच्या हवाली केली: काचेची टाकी एक, स्वच्छ, रिकामी. गादीवर गिऱ्हाइकं बसली होती. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि मी निघाले तरी तो ती तशीच धरून उभा होता.